अर्लिंडाचा राहिलेला विषय

अर्लिंडा एत्सिटी दवाखान्याची पांढरी व्हॅन चालवायची. लुकाचुकाईपासून चिन्लेपर्यंतच्या रस्त्यावर ज्यांची ज्यांची मूत्रपिंडं कामातून गेली आहेत अशा आम्हा सगळ्यांना आठवड्यातून तीनदा उजाडायच्या आत दारातून उचलायचं, चिन्लेला नेऊन मशीनच्या ताब्यात द्यायचं आणि रक्त धुऊन झालं की दुपारी ज्याला त्याला आपापल्या दारात सोडायचं, हे तिचं काम. मी तिच्या मागच्या सीटवर बसायची. मी बर्निटा, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली बाई. कुळानं मी तिच्या आईची बहीण लागते, म्हणून ती मला मावशी म्हणायची. माझ्या शेजारी थर्मन लिट्सन. कुळाच्या हिशेबानं तो तिचा आबा लागतो आणि माझा मामेभाऊ. मामेभाऊ म्हटल्यावर एकमेकांची चामडी लोळवायला आम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

आम्ही मशीनला जोडलेले असू तेव्हा अर्लिंडा व्हॅनमध्ये पाय वर घेऊन अभ्यास करायची. टेकडीवरच्या आम्हा आदिवासींच्या छोट्या कॉलेजात एकेक विषय करत दोन वर्षांचा अभ्यास तिनं पाच वर्षं ओढला. वय झालं चौतीस. तिला नर्स व्हायचं होतं, आणि तीही मशीनवरची.

"तुम्हाला सुया टोचणाऱ्या त्या पोरींना आपली भाषा येत नाही," ती म्हणायची. "मी टोचीन, आणि शिव्याही आपल्याच भाषेत खाईन."

"टोचायला शीक आदी," थर्मन म्हणायचा. "शिव्या माज्याकडं कवाच्या तयार हायत."

त्या वसंतात शहरातल्या विद्यापीठानं तिला घेतलं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या आईनं, आयलीननं, मेंढी कापली. बरगड्या भाजल्या, आमच्या जाड भाकरी तेलात तळल्या, आणि थर्मननं आपल्याला चालत नाही ते सगळं खाल्लं आणि पुढच्या खेपेला मशीनवर बसून सगळ्यांच्या नावानं कण्हत राहिला.

फोन आला तो जूनमध्ये. राउंड रॉकच्या अलीकडं एक चढ आहे, तिथं पोचेपर्यंत कुणाचाच फोन लागत नाही आणि पोचल्याबरोबर सगळ्यांचे एकदम वाजायला लागतात. अर्लिंडाचा फोन गाडीला जोडलेला असायचा. त्यामुळं विद्यापीठातली बाई बोलायला लागली ती आम्हा सगळ्यांच्याच डोक्यावरच्या स्पीकरमधून.

"मिस एत्सिटी, तुमचे विषय तपासताना एक अडचण आली आहे. शरीररचना. तुमच्या कॉलेजातला तो विषय आम्हाला धरता येत नाही."

"का? मला त्यात चांगले मार्क आहेत."

"मार्कांचा प्रश्न नाही. प्रयोगशाळा कशी घेतली, ते तुमच्या प्राध्यापकांनी आम्हाला कळवलंय. इथं लिहिलंय..." बाई जरा थांबली. "इथं मेंढी लिहिलंय."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. पण खरंच होतं ते. आमच्या कॉलेजात नकाय सर हा विषय शिकवायचे. आमच्यात गेलेल्या माणसाचं नावसुद्धा घेत नाहीत, त्याच्या वस्तूला हात लावत नाहीत. मग त्याच्यावर सुरी कोण धरणार? नकाय सरांना ते पोरांकडं मागायचंच नव्हतं. मांजर, बेडूक, डबीत घालून विकत मिळतात ते प्राणीही त्यांनी नको म्हटलं. ते कॉलेजच्या मागं रीतसर मेंढी कापायचे. पोरापोरींच्या हातात काळीज, फुप्फुसं, मूत्रपिंडं देऊन शिकवायचे, आणि शिकवून झालं की धडा शिजवून सगळे मिळून खायचे. माणसाचं म्हणून त्यांच्याकडं प्लास्टिकचं एक धड होतं आणि कॉम्प्युटरवरची चित्रं. पुढच्या शिक्षणाला एवढं चालेल, असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं. आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं.

"आमच्याकडं हा विषय प्रत्यक्ष मानवी शरीरावर झालेला असावा लागतो," बाई म्हणाली. "या उन्हाळ्यात इथं तो वर्ग आहे. तो पूर्ण करून पास झालात तर तुमची जागा कायम. नाही तर ती दुसऱ्याला जाईल. पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही."

प्रत्यक्ष मानवी शरीर. अर्लिंडानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे तिचे हात मला दिसत होते. नखं पांढरी पडली होती.

"मिस एत्सिटी? आहात ना?"

"आहे," अर्लिंडा म्हणाली. "कळवते."

फोन बंद झाला. शेवटी थर्मनच म्हणाला, "चल पोरी. मशीन वाट बघत न्हाई."

एवढंच. त्या दिवशी त्यानं माझी एकदाही टिंगल केली नाही. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, मला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी वेगळंच संकट होतं. अर्लिंडाची धाकटी बहीण शर्मेन पोटुशी होती, सातवा सरत आलेला. तिचं पहिलं टिकलं नव्हतं. पोटुशीच्या घरात माणसानं काय बघून यावं, कशाला हात लावून यावं याला आमच्यात फार जपतात. ज्यानं बघितलं त्याला लागतं ते लागतंच, पण ते पोटातल्यालाही लागतं. हे मी तुम्हाला पटवायला सांगत नाही. त्या घरात चूल पेटते ही जशी गोष्ट होती, तशीच ही होती.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आयलीन कणीक मळत होती आणि अर्लिंडा दारात बसली होती.

"सांग तिला, बर्निटा," आयलीन म्हणाली. "माजं तर ती ऐकत न्हाई."

"मी अजून काही ठरवलंच नाही, आई."

"न ठरवता बॅग कशी काय भरली गं?"

बॅग खरंच भरलेली होती, तिच्या मागं भिंतीला टेकवून ठेवलेली.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. आईला नाही, मला म्हणाली. "मावशी, मला इतकी भीती वाटते की रात्री हाताला मुंग्या येतात. पण नाही गेले तर आयुष्यभर गाडीच चालवणार मी. आता पाच वर्षं आणखी मी कुठून काढू?"

शर्मेन आतल्या खोलीतून म्हणाली, "जाऊ दे गं तिला." मग, "पण ताई, नंतर लगेच घरी येऊ नकोस हं."

चिडून म्हणाली नाही ती. ते ऐकून अर्लिंडानं गुडघ्यात तोंड घातलं.

आयलीननं कणकेचे हात धुतले. म्हणाली, "अताकाय बाबाकडं जाऊन ये आदी. आणि परत येशील ती त्यांच्या हातनं बाधा काढूनच आत येशील. तवर कुंपणाच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. शर्मेनच्या पोटाला काय झालं तर मी तुला बोल लावनार न्हाई, पन तू सोता सोताला लावशील, आणि ते मला बगवनार न्हाई."

अताकाय बाबा आमच्याकडचे गाणारे. दुखणं, बाधा, भीती आमच्यात गाऊन काढतात, आणि ज्याला ती गाणी येतात त्याला गाणारा म्हणतात. मी तिला त्यांच्याकडं घेऊन गेले. त्यांनी काय केलं, काय म्हटलं, ते लिहायचं नसतं. एवढं सांगते, की निघताना अर्लिंडानं विचारलं, "बाबा, याच्यानं भीती जाईल का?" आणि ते म्हणाले, "जायला कशाला पायजे? भीती हाय म्हनून तर तू नीट वागशील."

ती शहरात गेली. गाडीवर दुसरा माणूस आला, घाटात ब्रेक न लावणारा. आम्ही सगळे त्याच्या पाठीला नजर लावून बसायचो.

पहिल्याच आठवड्यात मी मशीनवर असताना तिचा फोन आला. एका हातात सुया, दुसऱ्या हातानं फोन कानाला. थर्मन शेजारच्या खुर्चीत.

"मावशी, मशीनवर आहेस का?"

"मग काय नाचतेय? काय झालं?"

"तुझ्या हातावर बोट ठेव. जोडलेली शीर आहे ना, तिच्यावर, सुयांच्या वर. वाजतंय का?"

मशीनसाठी आमच्या दंडाजवळ एक शीर धमनीला जोडून घेतात. ती सुजून दोरखंडासारखी होते, आणि तिच्यावर बोट ठेवलं की रक्त भुंग्यासारखं घुमताना लागतं. घुमायचं थांबलं तर धावाधाव. आम्ही गाडीत चढताना अर्लिंडा आमच्या हातांवरून बोट फिरवायची, सहज, राम राम घातल्यासारखं. मी फोन खांद्यात धरला आणि बोट ठेवलं.

"वाजतंय की गं. का?"



"आज टेबलावरची चादर जरा सरकली," ती म्हणाली. "मी दारातच होते. आदल्या दिवशीपण दारातनंच परत गेले होते. आज म्हटलं आत जायचं. तर चादरीतून हात बाहेर आला होता. मावशी, त्या हातावर तशीच शीर आहे."

माझं बोट माझ्याच हातावर तसंच राहिलं.

"आपल्यातलं नाही, मला माहीत आहे. आपल्यातलं कुणी तिथं जात नाही. पण हात तसाच. मी पळाले. जिन्यात बसलेय. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, उद्या आत आला नाहीत तर नाव काढावं लागेल. त्या वाईट नाहीत. त्यांना नियम आहे." मग एकदम रडतच, "माझं बोट आपोआप पुढं गेलं होतं, मावशी! तपासायला! मी हात लावणार होते आणि तिथं काहीच वाजणार नव्हतं!"

मी आयुष्यभर पोरांना जेवायला वाढलं, दुसरं मला येत नाही. थर्मननं हात पुढं केला. "आन हिकडं. तुज्याच्यानं न्हाई व्हायचं."

तो तरुणपणी युद्धावर गेला होता, समुद्रापलीकडं. तिकडं त्याला कुणाकुणाला उचलावं लागलं ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही. परत आल्यावर त्याची बाधा काढायला जे करायचं असतं ते सगळं केलं होतं, सगळं खोरं जमलं होतं, एवढं मला आठवतं. मी तेव्हा चुलीजवळ कॉफी देत होते.

"पोरी," तो म्हणाला, "मी बोलतोय. रड, मी थांबतो. माजं मशीन संपायला लई वेळ हाय."

तो खरंच थांबला. मग म्हणाला, "आता ऐक. त्याचं नाव इचारायचं न्हाई. कुनी सांगाय लागलं तर कानात बोट घाल. त्याच्यासंगं बोलायचं न्हाई. त्वांड बगायचं न्हाई, कवाच न्हाई. हात बगायचा, पाय बगायचा, काम करायचं, बाहीर यायचं, मागं वळायचं न्हाई. मला तर कुनी इचारलंबी न्हवतं, जातोस का म्हनून. तुला इचारलंय. तू हो म्हनलीस. आणि ती शीर. ती कुना बाईनं न्हाईतर बाप्यानं लई दिस वागवली आसंल. आमच्यासारखंच मशीनवर बसून कुनाचं तरी डोकं खाल्लं आसंल. त्यानं तुला काय वाईट करायचंय? तरीबी भ्यायचं. नीट भ्यायचं आणि आत जायचं."

पलीकडून ती काहीतरी म्हणाली. थर्मन म्हणाला, "व्हय, मी अजून जेवतो. झोपतोबी. तुज्या मावशीला इचार, घोरतोसुदीक." आणि फोन मला परत दिला. त्याचा हात गार होता.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं, सांगायचं नसतं ते गाळून. दुसऱ्या दिवशी ती आत गेली. दोन हातमोजे एकावर एक घालायची. टेबलाच्या पायाकडल्या बाजूला उभी राहायची आणि तोंडावरचं फडकं हलणार नाही याची काळजी घ्यायची. बाकीची मुलं आपल्या टेबलावरच्याला लाडानं काहीतरी नाव द्यायची. तिनं आपल्या टेबलाभोवतीच्या मुलांना सांगितलं, माझ्यासमोर देऊ नका. एक मुलगी हसली, मग तिचं तोंड बघून हसायची थांबली. अर्लिंडाला शिरा आणि धमन्या पाठ होत्या, स्नायू पाठ होते. पण रोज संध्याकाळी ती पार्किंगमध्ये आपल्या पिकअपजवळ आत न बसता उभी राहायची. अंगावर काही आलं असेल तर ते गाडीत येऊ नये म्हणून. जेवण जाईना. घरी फोन करायची तेव्हा शर्मेनशी बोलायची नाही. शर्मेन मागून ओरडून विचारायची, "ताई, जेवलीस का?" आणि ही आईला म्हणायची, "सांग तिला, हो."

अताकाय बाबांच्या सांगण्याला ती धरून होती. भीती असू दे. पण रोज तिला वाटायचं, बाबांना कुठं माहीत आहे ही किती आहे.

मग शेवटची परीक्षा. ती परीक्षा अशी असते: खोलीभर टेबलं, प्रत्येकावर शरीराच्या एका भागात टाचणी रोवलेली. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं, टाचणी बघायची आणि त्या भागाचं नाव लिहायचं. पुन्हा घंटा, पुढचं टेबल. कुणी बोलायचं नाही. अर्लिंडानं पाय ओळखला, मनगट ओळखलं, काळजाच्या झडपा ओळखल्या. तिची लेखणी चालत होती. मग घंटा वाजली, ती पुढं सरकली आणि तिला कळलं की या टेबलावर तोंडावरचं फडकं काढलेलं आहे.

तिनं नजर वर नेलीच नाही. टेबलाची कडा दिसली, डोळ्याच्या कोपऱ्यात टाचण्यांची रंगीत डोकी दिसली, एकाहून जास्त होत्या, पुष्कळ मार्क त्या एका टेबलावर होते. तिनं कागदाकडं बघितलं आणि बघतच राहिली. तिला तिथलं सगळं येत होतं. प्लास्टिकच्या धडावर तिनं डोळ्याभोवतीचा एकेक स्नायू पाठ केला होता. अंदाजानं लिहिता आलं असतं, असं मी तिला नंतर म्हटलं. ती म्हणाली, "टाचणी कुठं आहे ते बघितल्याशिवाय कसं लिहू, मावशी? आणि खोटं लिहून पास व्हायचं, तेही त्याच्यासमोर?"

बाईंनी, म्हणजे ओल्डेकर बाईंनी, हे बघितलं. त्या जवळ आल्या आणि हळू म्हणाल्या, "मिस एत्सिटी, वेळ जातोय."

"हो बाई."

"तुम्हाला हे येतं. मला माहीत आहे येतं."

"येतं."

"मग बघा ना."

"नाही बघणार, बाई."

"या टेबलाचे मार्क मला देता येणार नाहीत. जागा जाऊ शकते तुमची. समजतंय ना?"

"समजतंय," अर्लिंडा म्हणाली. घंटा होईपर्यंत ती कोऱ्या ओळींकडं बघत उभी राहिली. मग पुढच्या टेबलावर गेली आणि तिथलं लिहिलं.

सगळ्यांचे कागद तपासून होईपर्यंत ती व्हरांड्यात बसली. तिला वाटत होतं, सगळंच गेलं. जागाही गेली आणि ज्याला हात लावायचा नव्हता त्यालाही हात लावून झाला. आता बाधा तेवढी घरी न्यायची. शर्मेनचं काय होईल, हाच एक विचार.

ओल्डेकर बाई कागद घेऊन बाहेर आल्या. बसल्या तिच्याशेजारी. "काठावर," त्या म्हणाल्या. "पण आलात. जागा तुमची राहते." मग म्हणाल्या, "मी पुष्कळ वर्षं शिकवतेय. ते टेबल कुणी सोडून दिलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मला ते आवडलं असं नाही. पण तुम्ही काय करत होतात ते मला दिसलं."

अर्लिंडा म्हणाली, "हात कुठं धुऊ?"

ती घरी यायची त्या दिवशी अताकाय बाबांना मी माझ्या गाडीतून आणलं. म्हातारा माणूस, घाई नाही. वाटेत कॉफी घेतली, मग दुसरी घेतली. आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती. अर्लिंडाची पिकअप कुंपणाबाहेर उभी होती आणि ती तिच्याजवळ उभी. हडकली होती. आयलीननं घरातली खुर्ची बाहेर आणून अंगणात मांडली होती, मध्ये भरपूर जागा सोडून, आणि तिथून लेकीशी मोठ्यानं बोलत होती. खिडकीत शर्मेनचं पोट दिसत होतं.

"झालं का?" आयलीन विचारत होती.

"झालं. पास झाले, आई. जागा मिळाली."

"आता बरं वाटतंय?"

अर्लिंडानं मान हलवली. हो का नाही ते कळलं नाही.

"वाटंल," आयलीन म्हणाली. "बाबा आले बग. थांब थोडं. मेंढी कापलीय."

बाबा गाडीतून उतरून आपली पिशवी शोधत बसले, ती सीटखाली गेली होती. तेवढ्यात वारा फिरला. इतका वेळ तो घराकडून येत होता, आता पिकअपकडून अंगणाकडं वाहायला लागला, धूळ घेऊन. अर्लिंडानं वर बघितलं. खिडकी बघितली. काही न बोलता ती कुंपणाच्या कडेकडेनं चालत निघाली, घराला लांबून वळसा घालत, आणि वारा घराकडून आपल्याकडं येईल अशा जागी जाऊन पुन्हा उभी राहिली.

आयलीन उठली. खुर्ची उचलून तिनं तोंड तिकडं केलं आणि परत बसली.

"तितं ऊन हाय गं," ती ओरडली.

"असू दे," अर्लिंडा म्हणाली.